अटलांटिकचे अभिसरण आणि आकस्मिक हवामानबदलाची कल्पना

हवामान पालटते ते मंद गतीने, ही समजूत विसाव्या शतकात दीर्घकाळ रूढ होती. ती कशी ढळली याचा शोध घेऊ गेल्यास एक विचित्र गोष्ट आढळते : जिने तिला धक्का बसावयाचा ती उपपत्ती छापून झालेली होती, परंतु सुमारे वीस वर्षे तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही.

ही उपपत्ती हेन्री स्टॉमेल यांची. अटलांटिकमधील उष्ण व खारे पाणी उत्तरेस जाते, तेथे थंड व जड होऊन बुडते आणि खोलवरून दक्षिणेस परतते. १९६१ साली 'टेलस' या नियतकालिकात स्टॉमेल यांनी परस्परांस जोडलेली दोन जलपात्रे कल्पून गणिताने दाखविले की, एकाच बाह्य परिस्थितीत प्रवाहाच्या दोन भिन्न स्थिर अवस्था संभवतात. उत्तरेकडे क्षार वाहून नेतो तो प्रवाहच. तो मंदावला की तेथील पाणी हलके होते आणि प्रवाह अधिकच मंदावतो. म्हणून एका विशिष्ट उंबरठ्याशी अल्प कारणानेही अवस्था पालटू शकते, आणि ते कारण दूर झाले तरी पूर्वस्थिती परत येईलच असे नाही. हवामानाचा उल्लेख मात्र निबंधाच्या अगदी अखेरीस, जाता जाता केलेला आहे. (खोल सागरातील अभिसरण उलटण्याची शक्यता चेंबरलिन यांनी १९०६ सालीच मांडली होती, हेही नमूद केले पाहिजे.)

पुरावा मिळाला तो गाळात आणि बर्फात. स्कँडिनेव्हियातील जुन्या गाळात सापडणाऱ्या 'ड्रायास' या शीतप्रदेशीय वनस्पतीवरून, सुमारे १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या शीतकालास 'यंगर ड्रायास' हे नाव पडले. ग्रीनलंडमधील तीन किलोमीटरांहून लांब हिमस्तंभांवरून १९९०नंतरच्या दशकात दिसून आले की, या शीतकालाचा शेवट काही दशकांत, कदाचित त्याहूनही अल्पावधीत झाला. तत्पूर्वी, १९८५ साली, वॉलेस ब्रोकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सागर व वातावरण यांच्या एकाहून अधिक स्थिर अवस्था असाव्यात काय, हा प्रश्न नव्याने उपस्थित केला होता. १९८७ साली ब्रोकर यांनी या अभिसरणास सरकत्या पट्ट्याची उपमा दिली. उपमा सुटसुटीत खरी, पण फसवी : पट्ट्यास यंत्र फिरविते, येथे प्रवाह काही अंशी स्वतःलाच टिकवून धरतो.

२६.५ अंश उत्तर अक्षांशावर या प्रवाहाचे अखंड मापन २००४ साली सुरू झाले. त्याचे सरासरी मान सेकंदास सुमारे १ कोटी ७० लाख घनमीटर आहे. आंतरशासकीय हवामान मंडळाच्या २०१९च्या अहवालाने या शतकात हे अभिसरण कोसळणे 'अत्यंत असंभाव्य' मानले. २०२१च्या अहवालात ते मंदावणे अत्यंत संभाव्य ठरविले आहे. परंतु २१००पूर्वी ते अकस्मात कोसळणार नाही, या विधानास केवळ 'मध्यम विश्वास' हे विशेषण लाविले आहे. भाषेच्या अभ्यासकास हा शब्दबदल किरकोळ वाटत नाही.