चांद्याच्या जंगलात मतपेटी कशी पोहोचली?

आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत एकच होते. इंग्रजी अमदानीत या विस्तीर्ण मुलखाचे नाव होते चांदा. येथील स्थानिक निवडणुकांचा इतिहास म्हणजे ‘मतदार कोण?’ या एकाच प्रश्नाचा इतिहास आहे.

चांदा शहरात नगरपालिका आली १८६७ मध्ये. खेड्यांची पाळी आली ती लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावानंतर. मध्य प्रांताने १८८३ मध्ये स्थानिक स्वराज्याचा कायदा केला, परंतु त्यातील मतदार पाहण्याजोगा आहे. गावांचे गट पाडले जात आणि प्रतिनिधी निवडत ते त्या गावांचे मोकद्दम. जोडीला व्यापारी वर्गाचे प्रतिनिधी आणि सरकारनियुक्त सदस्य. कुळे, मजूर, मोहफुले वेचणारी बाई यांना त्यात स्थान नव्हते. स्वराज्य होते, पण ते मोकद्दमाच्या ओसरीवर थांबले होते.

पूर्वेकडे तर तेही विरळच. वैनगंगेपलीकडचा बहुतेक प्रदेश जमीनदाऱ्यांचा. त्यांत अहेरीची सर्वांत मोठी. १९३६ च्या आदेशाने सिरोंचा तहसिलातील अहेरी आणि गडचिरोली तहसिलातील धानोरा, मुरूमगाव, पोटेगाव, रांगी आदी जमीनदाऱ्या ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरल्या. तेथे विधिमंडळाचा कायदा आपोआप लागू होत नसे. त्यासाठी गव्हर्नराचा आदेश लागे. हेतू आदिवासींच्या संरक्षणाचा सांगितला गेला. मात्र संरक्षण आणि वगळणे यांतील सीमारेषा किती पुसट असते, हे याच आदेशात दिसते.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलवार जनपद सभा आल्या. १९५६ मध्ये चांदा मुंबई राज्यात आला आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेल्या १९६१ च्या कायद्याने १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद अवतरली.

खरी उलथापालथ १९९६ च्या पेसा कायद्याने घडवली. अनुसूचित क्षेत्रातील पंचायतींत किमान निम्म्या जागा आणि अध्यक्षपदे आदिवासींसाठी राखीव झाली. एकेकाळी मतदारही नसलेला समाज आता सरपंचपदावर आला. याच तरतुदीमुळे गडचिरोलीतील बिगरआदिवासी बहुसंख्य असलेल्या गावांत नाराजीही उमटली. ती केवळ द्वेषातून आली असे म्हणणे अन्यायाचे होईल.

दक्षिण गडचिरोलीत मतदानाला बंदुकीची छाया होती. नक्षलवाद्यांच्या बहिष्काराच्या हाका, उमेदवारी अर्जच न आल्याने रिकाम्या राहिलेल्या जागा, २०१२ मधील लोकप्रतिनिधींचे सामूहिक राजीनामे. २०१७ मध्ये जिल्हा परिषदेचे मतदान १६ आणि २१ फेब्रुवारी अशा दोन टप्प्यांत झाले. मतदान दुपारी तीनलाच संपे, कारण मतपथकांना अंधारापूर्वी परतायचे असे.

आणि याच जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) आहे. शंभराच्या आसपास घरांचे हे गोंड गाव लेखा गटग्रामपंचायतीत मोडते, म्हणजे पंचायतीची निवडणूक येथेही होतेच. पण गावाचा निर्णय मोजणीने होत नाही. ग्रामसभेत सर्वांची संमती मिळेपर्यंत विषय खुला राहतो. एकाचाही विरोध असल्यास पुन्हा बसायचे. बाहेरच्याला ही पद्धत संथ वाटते. परंतु याच ग्रामसभेने २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी मात्र वनखात्याशी झगडावे लागले. अखेर एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

पुढे २०१४ च्या महाराष्ट्र पेसा नियमांनी पाड्यालाही स्वतंत्र ‘गाव’ म्हणून मान्यता मागण्याची वाट खुली केली. ज्या मुलखात १८८३ साली गावाच्या वतीने एकटा मोकद्दम मत देई, तेथे आता पाड्यातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुष ग्रामसभेचा सदस्य आहे.