मांडीवरची गिटार

गिटार हे वाद्य आपले की परके, असा वाद आमच्या नागपुरात एके काळी मोठ्या चवीने चालत असे. आपले म्हणणारे फार थोडे, आणि त्यांतलेही बहुतेक बंगाली. १८८७ साली बेंगॉल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि कलकत्ता व नागपूर ही दोन टोके लोहमार्गाने बांधली गेली. त्या वाटेने रेल्वेचे बाबू आले, त्यांच्यामागून डॉक्टर, वकील, प्राध्यापक आले. धंतोलीत, मोतीबागेकडे बंगाली बिऱ्हाडे थाटली गेली. त्यांच्याबरोबर दुर्गापूजा आली, रवींद्रसंगीत आले, संदेश आला. आणि काही घरांतून मांडीवर आडवी ठेवून वाजवायची गिटारही आली.

आमच्या शेजारी असेच एक बाबू राहत. संध्याकाळी कचेरीतून आले, चहा झाला, की ओसरीवर बसून ते गिटार मांडीवर घेत. उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातला पोलादाचा गुळगुळीत तुकडा त्या तारांवरून घसरत न्यायचा, अशी ती रीत. एक स्वर कोठे संपला आणि दुसरा कोठे सुरू झाला हे कळत नसे. आम्हां मुलांना मोठी मौज वाटे. आमचे अण्णा मात्र पेटीचे भोक्ते. भजनी मंडळात त्यांचा हात नावाजलेला. ते कुंपणापलीकडे ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "काहून बाप्पा, मांजर रडून राह्यली का?" बाबू हसत आणि वाजवीत राहत. पुढे ते निवृत्त होऊन कलकत्त्याला गेले.

आता यातली खरी गंमत अशी, की अण्णांची पेटी काही वेदकालीन नव्हती. तीही युरोपातूनच आलेली. इतकेच नव्हे, तर ज्या काळाची ही गोष्ट मी सांगतो आहे त्या काळात तिला आकाशवाणीवर मज्जाव होता! १९४० साली सरकारी नभोवाणीने हार्मोनियम बंद केली, ती १९७१ पर्यंत. नागपूरचे केंद्र १९४८ साली सुरू झाले ते या बंदीसकटच. पेटीवर मुख्य आक्षेप हा, की तिला मींड येत नाही. पट्टी दाबली की एक ठरीव स्वर निघतो. या स्वरावरून त्या स्वरावर अखंड ओघळत जाणे तिला जमत नाही, आणि आपल्या रागसंगीताचा तर तोच प्राण. म्हणजे ज्या एका गुणावाचून अण्णांची पेटी बाहेर राहिली, त्या गुणाने बाबूंची गिटार नखशिखांत भरलेली होती. त्या काळी हे त्यांना कोणी सुचवले नाही. सुचवले असते तर सुचवणाऱ्याची धडगत नव्हती.

हे घसरते वादन आले कोठून? पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर १८८० च्या दशकात जोसेफ केकुकू नावाच्या एका शाळकरी मुलाने ते प्रथम केले, असे सामान्यतः मानतात. परंतु आपल्याला कुतूहल वाटावे असा आणखीही एक दावा आहे. तिकडचे एक संगीतकार चार्ल्स किंग यांनी सांगून ठेवले आहे, की १८८४ च्या सुमारास गेब्रिएल डेव्हिऑन नावाच्या एका तरुणाला आपण असे वाजवताना पाहिले होते. आणि हा डेव्हिऑन जन्माने हिंदुस्थानातला होता. आपल्याकडे उत्तरेत विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरवतात, दक्षिणेत गोट्टुवाद्यावर लाकडाचा ठोकळा फिरवतात, हे आठवले म्हणजे पुढची मजल मारण्याचा मोह होतो. मला तो आवरावासा वाटतो. जगातले सारे शोध आपल्या अंगणातूनच निघाले असा हट्ट धरण्याची खोड आपल्याला आहे, आणि एका तरुणाच्या जन्मस्थानावर एवढा मोठा इमला उभा राहत नाही.

हवाईतून ही रीत अमेरिकेत पसरली. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोला मोठे प्रदर्शन भरले, त्यात हवाईच्या वादकांनी लोकांना वेड लावले. पण त्याच्याही आधी, १९०३ च्या सुमारास, मिसिसिपी प्रांतातील टटवायलर या आडगावच्या स्टेशनावर विल्यम ख्रिस्टोफर हँडी हा बँडमास्तर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट पाहत पेंगत बसला होता. त्याच्या शेजारी फाटक्या कपड्यांतला एक काळा माणूस येऊन बसला आणि गिटारच्या तारांवर चाकू दाबून वाजवू लागला. इतके विलक्षण संगीत आपण कधी ऐकले नव्हते, असे हँडीने पुढे आत्मचरित्रात लिहिले, आणि तेथेच हवाईच्या वादकांचीही आठवण काढली. आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या लोकांच्या वंशजांचे हे गाणे. त्याला ब्लूज म्हणतात. शेतातले कष्ट, सावकाराचे कर्ज, सोडून गेलेले माणूस, हे त्याचे विषय. आपल्या जात्यावरच्या ओव्यांशी त्याचे गोत्र जुळते असे मला वाटते. आणि स्वरांच्या बाबतीत एक विशेष असा, की त्यातला गंधार आणि निषाद ना धड कोमल ना धड शुद्ध. दोहोंच्या मधे कोठेतरी ते हेलकावत असतात. पियानोच्या पट्टीवर ते सापडत नाहीत. चाकूखाली, बाटलीच्या गळ्याखाली सापडतात. या ब्लूजलाच पुढे विजेची जोड मिळाली, १९४३ साली शिकागोला गेलेल्या मडी वॉटर्ससारख्यांनी ते शहरात नेले, आणि त्यांच्या तबकड्या ऐकून इंग्लंडातल्या पोरांनी रॉक संगीताचा एक मोठा भाग उभा केला.

आपल्याकडे हवाई गिटार रुजवली ती कलकत्त्याने. ताऊ मो नावाचा हवाईचा वादक आपल्या कुटुंबासह दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास मुक्काम करून होता. गार्नी निस यासारख्यांनी तबकड्या काढल्या. मुंबईत व्हॅन शिप्ले विजेच्या गिटारवर सिनेमाची गाणी वाजवी, आणि त्याच्या साथीला ॲकॉर्डियनवर पुण्याचे इनॉक डॅनियल्स असत. त्या तबकड्या घरोघर वाजत. परंतु त्यामुळेच की काय, गिटार म्हणजे सिनेमाच्या चाली वाजवण्याचे सुखवस्तू वाद्य असा शिक्का तिच्यावर बसला. रागदारीच्या बैठकीत तिला कोणी सतरंजीवर बसू देईना.

ती बसवली ब्रिजभूषण काबरा यांनी. जन्म १९३७ चा, जोधपूरचा. घरात संगीत होते. वडील सतारीचे जाणकार, भाऊ दामोदरलाल सरोदिये. मुलगा गिटार घेऊन बसला हे वडिलांना रुचले नाही. अखेर त्यांनी संमती दिली ती एका अटीवर, असे सांगतात: वाजवायचे तर शास्त्रीय संगीतच वाजवायचे. त्या काळच्या वडिलांनी घातलेल्या अटींनी पुष्कळ मुलांची आयुष्ये करपली, हे मी पाहिलेले आहे. ही एक अट मात्र फळली. काबरा अली अकबर खाँसाहेबांकडे शिकले. सरोदला पडदे नसतात, त्यामुळे बोट मोकळे घसरते. ती चाल त्यांनी पोलादी तुकड्यात उतरवली. गिटारला चिकारीची तार जोडली, तारा पडद्यांपासून उंच उचलल्या. पडदे राहिले ते नावाला.

मग १९६७ साल उजाडले आणि 'कॉल ऑफ द व्हॅली' ही दीर्घ तबकडी आली. काबरा तिशीचे. संतूर घेऊन शिवकुमार शर्मा, बासरी घेऊन हरिप्रसाद चौरसिया; दोघेही १९३८ सालचे, म्हणजे तिशीच्या आतले. तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या दरीतील एका मेंढपाळाचा एक दिवस स्वरांतून सांगायचा, अशी कल्पना. पहाटेला अहीर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, मग भूप, देस, आणि शेवटी पहाडी. जुन्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मिळत. तेवढ्यात गवयाने राग मांडायचा म्हणजे लग्नाची पंगत चहाच्या बशीत वाढण्यासारखे. दीर्घ तबकडीने बाजूला वीस मिनिटे दिली, म्हणून हा एक अख्खा दिवस तीत मावला.

या तिघांची वाद्ये पाहा. बासरी गोकुळापासूनची खरी, पण मैफलीचे मुख्य वाद्य म्हणून तिला मान मिळाला तो पन्नालाल घोषांमुळे, आणि ते १९६० साली गेले. संतूर काश्मीरच्या सूफियाना मैफलींतून बाहेर आलेले. शिवकुमारांनी १९५५ साली मुंबईत ते प्रथम वाजवले तेव्हा जाणकारांनी हाच आक्षेप घेतला की याला मींड नाही, प्रत्येक ठोका सुटा पडतो. गिटार तर थेट विलायती. म्हणजे तिघेही उंबरठ्यावर उभे असलेले. आणि गंमत अशी, की एकाचे उणे ते दुसऱ्याचे धन. संतूरचे स्वर दवासारखे थेंबथेंब पडतात, आणि गिटार त्या थेंबांतून एक ओली रेघ ओढत जाते. ही सांगड त्या तबकडीत ज्याने ऐकली नसेल त्याने या दिवाळीत अवश्य ऐकावी.

या तबकडीचे निर्माते होते जी. एन. जोशी. हे नाव ऐकले की आमच्या विदर्भातल्या जुन्या माणसांचे कान टवकारतात. मेहकरचे वकील-कवी ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता १९३० च्या दशकाच्या आरंभी तबकडीवर गाऊन ज्यांनी मराठी भावगीताची वाट उघडली, तेच हे जोशी. तेही शिक्षणाने वकीलच! १९३८ साली ते ग्रामोफोन कंपनीत अधिकारी झाले आणि पुढची तीन दशके त्यांनी कित्येक रुसव्या, मानी, लहरी गुणिजनांना ध्वनिक्षेपकासमोर आणून बसवले. 'स्वरगंगेच्या तीरी' या आठवणींच्या पुस्तकात ते सारे आले आहे. रानातून घुमणाऱ्या शिळेपासून ज्याचे नाव झाले, त्याच्याच देखरेखीखाली साडेतीन तपांच्या आत दरीतल्या मेंढपाळाचा दिवस ध्वनिमुद्रित व्हावा, यात मी उगीच नाते जोडतो आहे असे कोणी म्हणेल. म्हणो बापडे. मला ते नाते ऐकू येते.

आमच्या घरी ती तबकडी मुंबईहून आलेल्या आतेभावाने आणली. 'काश्मीरची आहे' एवढेच सांगून त्याने ती लावली. अण्णा आरामखुर्चीत डोळे मिटून होते. पिलू सुरू झाला. पिलूत दोन्ही गंधार, दोन्ही निषाद. घसरत्या तारेला याहून मोठे कुरण नाही. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "हे वाद्य कोणते म्हणायचे?" आतेभाऊ म्हणाला, "मामा, गिटार." अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "निषाद बरा लावला आहे. दुसरी बाजू लाव." मांजराचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

काबरा २०१८ साली अहमदाबादेत वारले. त्यांचे शिष्य देबाशिष भट्टाचार्य यांनी ही विद्या आणखी पुढे नेली. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारला तरफा बसवून मोहनवीणा केली. आणि १९९२ च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथे एका प्रार्थनामंदिरात ते राय कूडर या ब्लूज-रॉकच्या नामांकित गिटारियासमोर बसले. ओळख जेमतेम तासाभराची, असे सांगतात. एकाच्या हातात पोलाद, दुसऱ्याच्या बोटात बाटलीचा गळा. त्यातून निघालेल्या 'अ मीटिंग बाय द रिव्हर' या ध्वनिमुद्रिकेला १९९४ साली ग्रॅमी मिळाले. टटवायलरच्या स्टेशनावरचा चाकू आणि जोधपूरची अट एकाच खोलीत आली ती तेथे. कूडरचा चौदा वर्षांचा मुलगा जोआकिम साथीला होता.

हा कूडर १९४७ सालचा. २०२२ च्या एप्रिलात, पंचाहत्तरीत, त्याने नवी ध्वनिमुद्रिका काढली, आणि जोडीला घेतला साठ वर्षांपूर्वीच्या उमेदवारीतला एक दोस्त, जो ऐंशीच्या घरात आहे आणि ज्याने स्वतःचे नाव ताजमहाल ठेवले आहे! १९६५ च्या सुमारास दोघे एका वाद्यवृंदात होते. त्यांची तेव्हाची ध्वनिमुद्रणे कंपनीने त्या वेळी पुरी बाहेर काढली नाहीत. 'गेट ऑन बोर्ड' हे नव्या संग्रहाचे नाव, आणि तेही उसने: सॉनी टेरी आणि ब्राउनी मॅगी या जोडीची त्याच नावाची तबकडी १९५२ साली निघाली होती. पोरवयात ऐकलेल्या त्या थोरांची गाणी दोघा म्हाताऱ्यांनी मांडी ठोकून वाजवली आहेत. ढोल आणि मोठ्या तारांची गिटार चाळिशी ओलांडलेल्या जोआकिमकडे. त्यालाही २०२३ साली ग्रॅमी मिळाले.

त्यात एक गोष्ट मी पुन्हापुन्हा ऐकतो. मॅगीची बाजू कूडरच्या गिटारकडे आहे. सॉनी टेरी मात्र जवळजवळ अंध होता आणि माउथ ऑर्गन वाजवी. ते काम ताजमहालकडे. माउथ ऑर्गन म्हणजे पेटीचीच धाकटी बहीण. तीच पितळी पात, तीच हवा. पण हे लोक ओठ आवळून श्वास आत ओढतात आणि त्या पातीला स्वरावरून खाली वाकवतात. पितळेच्या पातीतून चक्क मींड निघते.