अध्यासनाबाहेरचे अध्यापक

आधुनिक डॅनिश साहित्याचा इतिहास विद्यापीठात शिकावयाचा झाल्यास ३ नोव्हेंबर १८७१ या तारखेपाशी थांबावेच लागते. त्या दिवशी कोपनहेगन विद्यापीठात गेओर्ग ब्रांडेस या एकोणतीस वर्षांच्या यहुदी विद्वानाने एकोणिसाव्या शतकातील युरोपीय साहित्याच्या मुख्य प्रवाहांवर व्याख्यानमाला सुरू केली. डॅनिश साहित्य स्वप्नरंजनात रमून युरोपच्या मागे पडले आहे. धर्म, विवाह, मालमत्ता अशा प्रश्नांना भिडणारे साहित्यच जिवंत होय, असे त्यांचे प्रतिपादन होते.

सनातनी मंडळींत खळबळ उडाली. सौंदर्यशास्त्राचे प्राध्यापक कार्स्टेन हाउख १८७२ साली वारले. आपल्या जागी ब्रांडेस यांना नेमावे, अशी त्यांची इच्छा होती. परंतु विद्यापीठाने ते मानले नाही. ब्रांडेस नास्तिक, जहाल मतांचे आणि शिवाय यहुदी! वस्तुतः ते धर्माचरण करणारे नव्हते. स्वतःस ते डॅनिश आणि युरोपीय समजत. तरी त्यांचे यहुदीपण विरोधकांनी त्यांना विसरू दिले नाही. १८७७ साली ते बर्लिनला गेले आणि १८८३ साली परतले.

तोवर बीज रुजले होते. डार्विनचे ग्रंथ डॅनिश भाषेत आणणाऱ्या जे. पी. याकोब्सन यांची 'नील्स लूने' ही कादंबरी १८८० साली आली. या नव्या लेखकांवर ब्रांडेस यांनी १८८३ मध्ये ग्रंथ लिहिला आणि त्यातूनच त्या कालखंडास 'आधुनिक उद्रेक' या अर्थाचे नाव मिळाले. पुढे १९१७ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळालेल्या हेनरिक पोन्टोपिडान यांनी 'भाग्यवान पेर' या अर्थाच्या नावाच्या कादंबरीत कोपनहेगनमधील एक यहुदी कुटुंब रंगविले, आणि त्यातील डॉ. नाथान हे पात्र ब्रांडेस यांच्यावरूनच घेतले.

ब्रांडेस यांना प्राध्यापकपद मिळाले ते १९०२ साली, साठाव्या वर्षी. १९२७ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या दृष्टीतही उणीव होती. १८८३ च्या ग्रंथाच्या नावात केवळ पुरुषांचा उल्लेख होता. बरोबर शंभर वर्षांनी, १९८३ साली, पिल डालेरुप या विदुषीने त्याच काळातील लेखिकांवर मोठा प्रबंध प्रसिद्ध करून ती भरून काढली. गुरूचे दोष अभ्यासाने दाखविणे हीच खरी गुरुदक्षिणा, असे आम्हा शिक्षकांना वाटते.

त्या व्याख्यानमालेच्या पहिल्या भागाचा विषय आपणा सर्वांस जवळचा आहे. फ्रान्समधून परागंदा झालेल्या लेखकांचे साहित्य, हा तो विषय. देश सोडलेला मनुष्य दोन्ही देशांकडे नव्या नजरेने पाहू शकतो, हे ब्रांडेस यांनी तेथे दाखविले. आपणही देशांतर केलेली माणसे आहोत. आपल्या मुलांनी नव्या देशाची भाषा आत्मसात करावीच. पण घरातील मराठीही राखावी. ज्यांच्यापाशी दोन भाषा, त्यांच्यापाशी तुलनेचे साधन आयतेच असते. ब्रांडेस यांनी त्या साधनाच्या बळावर एका राष्ट्राचे साहित्य जागे केले, आणि तेही अध्यासन हाती नसताना.