म्हातारपण, २०९ मिनिटांचं

२०१९च्या नोव्हेंबरात मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द आयरिशमन’ आला आणि प्रेक्षकांत दोन तट पडले. वृद्धाश्रमात व्हीलचेअरवर बसलेला फ्रँक शीरन आपल्या खुनांची हकिगत सांगतो, तब्बल २०९ मिनिटं. नेटफ्लिक्सने चित्रपट आधी मोजक्या थिएटरांत लावला, मग २७ तारखेला घरोघरी पोचवला. लगेच कुणीतरी त्याचे चार भाग पाडून मालिकेसारखा कसा बघावा, हे समाजमाध्यमांवर टाकलं. फोनवर तरी पाहू नका, अशी विनंती स्कॉर्सेसीने केली.

एक तक्रार रास्त होती. शीरन साकारणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या रॉबर्ट डी निरोचा चेहरा संगणकाने तरुण केला, पण दुकानदाराला लाथा घालतानाची हालचाल म्हाताऱ्याचीच राहिली.

संथपणाबद्दलची ओरड मात्र पटत नाही. स्कॉर्सेसीच्याच ‘गुडफेलाज’चा (१९९०) वेग मनात धरून आलेल्यांना शेवटचा अर्धा तास जड गेला: साथीदार गेलेले, मुलगी पेगी बोलत नाही, आणि शीरन स्वतःसाठी शवपेटी निवडतोय. खुनांची किंमत तो इथेच मोजतो. हा भाग कापला असता, तर उरली असती नुसती टोळीची गोष्ट.

ऑस्करची १० नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही.