२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण: खग्रास कुठे, खंडग्रास कुठे आणि आपल्या गावात किती वाजता?

सोमवार, २ ऑगस्ट २०२७ रोजी होणारे खग्रास सूर्यग्रहण हे या शतकातल्या मोठ्या ग्रहणांपैकी एक आहे. खग्रास स्थिती जास्तीत जास्त ६ मिनिटे २३ सेकंद टिकेल. एवढा वेळ सूर्य पूर्ण झाकलेला पुन्हा पाहायला मिळेल तो थेट २११४ साली. मात्र हे खग्रास भारतातून दिसणार नाही. गोवा, बेळगाव, बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर आणि हैदराबाद या सगळ्या ठिकाणी ग्रहण खंडग्रासच राहील. हा फरक ध्यानात ठेवायला हवा, कारण सूर्याकडे कधी पाहायचे आणि कधी नाही, हे त्यावरच ठरते.

खग्रास आणि खंडग्रास

अमावास्येला चंद्र पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधोमध आला की त्याची सावली पृथ्वीवर पडते. सावलीचा मधला गडद भाग जिथून जातो तिथे सूर्य पूर्ण झाकला जातो. त्याला खग्रास म्हणतात. त्याच्या आजूबाजूला हजारो किलोमीटरवर फिकी सावली पडते, तिथून सूर्याचा फक्त एक घास गेलेला दिसतो. ते खंडग्रास. २०२७ मध्ये गडद सावलीचा पट्टा सर्वाधिक खग्रासाच्या जागी सुमारे २५८ किलोमीटर रुंद असेल. पट्ट्याच्या बाहेर सूर्य ९९ टक्के झाकला तरी ते खंडग्रासच. उरलेल्या एक टक्क्याचा उजेडही डोळ्याला इजा करायला पुरेसा असतो.

पट्टा कुठून कुठे?

सावली प्रथम अटलांटिक महासागरावर उतरेल. तिथून स्पेनचा दक्षिण किनारा (कादिझ, मालागा), जिब्राल्टर, मोरोक्कोतले टँजियर, अल्जीरियातले ओरान, ट्युनिशियातले स्फॅक्स, लिबियातले बेनगाझी अशी ती पूर्वेकडे सरकेल. पुढे इजिप्तमधले लक्सर, तांबडा समुद्र ओलांडून सौदी अरेबियातले जेद्दा आणि मक्का, मग येमेन आणि सोमालियाचे टोक असा मार्ग आहे. शेवटी हिंदी महासागरात सावली पृथ्वी सोडेल.

स्पेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तिथल्या घड्याळानुसार सकाळी पावणेअकराच्या सुमारास काळोख होईल. ग्रहणाचा परमोच्च क्षण लक्सरच्या परिसरात येईल, भारतीय वेळेनुसार दुपारी ३ वाजून ३७ मिनिटांनी. जेद्दा आणि मक्केत स्थानिक वेळेनुसार दीडच्या थोडे आधी खग्रास होईल. जेद्दात ते सहा मिनिटांच्या आसपास टिकेल, तर मक्केत त्याहून कमी, पाच मिनिटांच्या आसपास. कोकण, गोवा आणि हैदराबादच्या अनेक घरांतली माणसे नोकरीसाठी जेद्दा आणि परिसरात आहेत. त्यांना कुठेही न जाता दारातूनच खग्रास दिसेल.

आपल्याकडे किती वाजता?

पुढच्या वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार, जवळच्या पाच मिनिटांपर्यंत पूर्णांकात दिल्या आहेत. टक्केवारी म्हणजे सूर्याच्या व्यासाचा झाकला जाणारा सर्वात मोठा भाग, तोही सुमारे.

- पणजी: स्पर्श ३.५०, मध्य ४.५०, मोक्ष ५.४०, व्यासाचा ४९ टक्के
- बेळगाव: स्पर्श ३.५०, मध्य ४.५०, मोक्ष ५.४०, ४७ टक्के
- मुंबई (तुलनेसाठी): स्पर्श ३.४५, मध्य ४.४०, मोक्ष ५.३०; ४३ टक्के
- हैदराबाद: स्पर्श ४.००, मध्य ४.४५, मोक्ष ५.३५, ३८ टक्के
- बडोदा: स्पर्श ३.४५, मध्य ४.३५, मोक्ष ५.२५, ३५ टक्के
- इंदूर: स्पर्श ३.५०, मध्य ४.३५, मोक्ष ५.२०, ३० टक्के
- ग्वाल्हेर: स्पर्श ३.५५, मध्य ४.३५, मोक्ष ५.१०, २० टक्के

हिशेब सरळ आहे. नैर्ऋत्येकडे जावे तसा घास मोठा, ईशान्येकडे जावे तसा लहान. केरळच्या दक्षिण टोकाला निम्म्याहून अधिक व्यास झाकला जाईल. सूर्य त्या वेळी पश्चिमेला असेल. पणजीत ग्रहणमध्याला तो क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर असेल, म्हणजे पश्चिमेकडची इमारत, डोंगर किंवा झाडी आड येणार नाही अशी जागा आधीच हेरून ठेवायला हवी.

व्यास आणि क्षेत्रफळ यांत घोळ होऊ नये. पणजीत व्यास जवळपास निम्मा झाकला तरी सूर्याच्या तबकडीचे क्षेत्रफळ सुमारे ४० टक्केच झाकले जाईल. वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात, त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

अंधार पडणार का?

आपल्याकडे नाही. सूर्याचा अर्धा व्यास झाकला गेला तरी उजेड डोळ्याला जाणवण्याइतका कमी होत नाही. ज्याला ग्रहण आहे हे माहीत नाही, त्याला कळणारही नाही. धोका नेमका इथेच आहे. ग्रहणाची वेळ चार ते साडेपाचची आणि वार सोमवार. शाळा, कॉलेज आणि ऑफिस सुटायची हीच वेळ. पश्चिमेला तोंड करून चालणारी मुले 'बघू तरी' म्हणून मान वर करतील, आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही. त्रास काही तासांनी कळतो, आणि कधीकधी तो कायमचा राहतो.

कसे पाहायचे?

भारतात या ग्रहणात असा एकही क्षण नाही, ज्यात उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे पाहणे सुरक्षित आहे. 'मधल्या वेळेत चष्मा काढला तरी चालतो' हा नियम फक्त खग्रास पट्ट्यातल्या त्या काही मिनिटांपुरता आहे. तो आपल्याकडे लागू नाही.

- आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा वापरावा. त्यावर ओरखडा किंवा भोक असेल तर टाकून द्यावा.
- काजळी धरलेली काच, एक्स-रे फिल्म, साधा गॉगल, सीडी, पाण्याच्या परातीतले प्रतिबिंब यांतले काहीही सुरक्षित नाही.
- ग्रहणचष्मा डोळ्याला लावून दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्यातून पाहू नये. फिल्टर पुढच्या भिंगावरच असावा लागतो.
- लहान मुलांसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याकडे पाठ करायची आणि कागदावर पडणारी प्रतिमा पाहायची. झाडाच्या पानांमधून जमिनीवर पडणारे कवडसेही त्या वेळी घास गेलेल्या सूर्याच्या आकाराचे दिसतात.

पावसाचे काय?

ऑगस्टची सुरुवात म्हणजे कोकण, गोवा आणि बेळगावचा भर पावसाळा. ग्रहणासाठी हा सर्वात नाजूक भाग. भारतात गेल्या काही दशकांत जी खग्रास ग्रहणे झाली, त्यांचा अनुभव बोलका आहे. १६ फेब्रुवारी १९८० चे ग्रहण कारवार, गदग, रायचूर या पट्ट्यातून गेले, तर २४ ऑक्टोबर १९९५ चे राजस्थानपासून बंगालपर्यंत. दोन्ही वेळी आकाशाने साथ दिली. ११ ऑगस्ट १९९९ आणि २२ जुलै २००९ ची ग्रहणे मात्र पावसाळ्यात आली आणि बऱ्याच ठिकाणी ढगांनी वाट लावली. २००९ मध्ये बिहारच्या तारेगणात शास्त्रज्ञ आणि हौशी मंडळींची मोठी गर्दी जमली होती, तिथेही ढगच दिसले.

या उलट लक्सर भागात ऑगस्टमध्ये आकाश जवळपास कायम निरभ्र असते. उन्हाळा कडक, पारा चाळिशीवर, पण ढगाची भीती नगण्य. जगभरचे ग्रहणप्रेमी तिकडे वळण्याचे कारण हेच.

२००९ चेच ग्रहण, १८ वर्षांनी

सुरत, बडोदा, इंदूर आणि भोपाळच्या वाचकांसाठी यात एक खास गोष्ट आहे. ग्रहणे १८ वर्षे, ११ दिवस आणि ८ तासांच्या अंतराने जवळपास त्याच रूपात परत येतात. या चक्राला सारोस म्हणतात. २२ जुलै २००९ च्या पहाटे साडेसहाच्या आत ज्या ग्रहणाची सावली सुरत-इंदूर पट्ट्यावरून गेली, त्याचेच पुढचे भावंड २ ऑगस्ट २०२७ ला येते आहे. दोन्ही सारोस १३६ या मालिकेतली. वरच्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, त्यामुळे पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. म्हणून या वेळी सावली गुजरातऐवजी इजिप्तवर पडते. याच मालिकेतल्या २९ मे १९१९ च्या ग्रहणात आर्थर एडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ताऱ्यांच्या प्रकाशाचे वाकणे मोजले आणि आइनस्टाइनच्या सिद्धान्ताला आधार मिळाला.

पंचांग काय सांगते?

त्या दिवशी आपल्या अमान्त गणनेने आषाढ अमावास्या, म्हणजे दिव्यांची अवस. सोमवार असल्याने सोमवती अमावास्याही. इंदूर-ग्वाल्हेरकडच्या पौर्णिमान्त पंचांगात हीच तिथी श्रावण अमावास्या म्हणून दिसेल. दिवस तोच, महिन्याचे नाव वेगळे. वेध पाळायचे की नाही, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. ग्रहणात सूर्याचे किरण बदलत नाहीत आणि अन्नावर किंवा गर्भावर त्यांचा वेगळा परिणाम होत असल्याचा पुरावा नाही.

यानंतर कधी?

भारताच्या भूमीवरून पुढचे खग्रास सूर्यग्रहण २० मार्च २०३४ ला आहे, तेही उत्तर टोकाला, कारगिल-लडाखच्या बाजूला. २१ मे २०३१ ला केरळ-तमिळनाडूतून कंकणाकृती ग्रहण दिसेल, त्यात सूर्याची कडा उघडीच राहते.

ज्यांना २०२७ मध्ये पूर्ण काळोख आणि सूर्याभोवतीचे किरीट पाहायचे आहे, त्यांना पट्ट्यात जाण्याशिवाय पर्याय नाही. सुट्टी, पासपोर्ट आणि खर्च यांचा विचार लवकर केलेला बरा. जे इथेच राहणार आहेत, त्यांनी घरात माणशी एक ग्रहणचष्मा आणून ठेवावा आणि ढग बाजूला झाले तर चारच्या ठोक्याला पश्चिमेकडे नजर लावावी, चष्म्यातूनच.