भ्रष्ट, पण कशापासून?

'भ्रष्ट' म्हटले की आज डोळ्यांपुढे टेबलाखालून सरकणारे पाकीट येते. मूळ शब्दात मात्र पैसा कुठेच नाही. संस्कृतातल्या 'भ्रंश्' धातूचा अर्थ घसरणे, निसटून खाली पडणे. पदभ्रष्ट, योगभ्रष्ट, स्मृतिभ्रंश या शब्दांत घसरण कशावरून झाली किंवा काय निसटले, ते आधीच सांगितलेले असते. पतंजलीने महाभाष्यात 'गौः' हा शब्द शुद्ध धरला, म्हणूनच गावी, गोणी, गोता हे त्याचे अपभ्रंश ठरले. पुढे अपभ्रंश याच नावाच्या भाषेचे हेमचंद्राने बाराव्या शतकात व्याकरण लिहिले. घसरलेलीलाही नियम होते. 'भ्रष्ट' हा शब्द घसरणाऱ्याकडे बोट दाखवतो आणि पायरी कोणी आखली हे झाकतो. मुंबईतल्या चारकोपच्या परिसरात हे दोनदा घडलेले दिसते.

पहिला प्रसंग धर्माचा. खाडीलगतचे चारकोप गाव साष्टी बेटातले. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगिजांकडे गेला आणि १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी तो जिंकला. मधल्या दोन शतकांत इथले बरेच लोक ख्रिस्ती झाले. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा उत्तर कोकणात अजून सांगतात. त्या शब्दशः खऱ्या नसल्या तरी त्यांतला न्याय बोलका आहे. पाणी भरणाऱ्याने काहीच केलेले नसते. तो त्याच घरात राहतो, तीच शेती कसतो, तीच बोली बोलतो. तरी तो भ्रष्ट, कारण परतीचे दार गावाच्या पंक्तीने लावलेले असते.

विसाव्या शतकात हा शब्द सोवळ्या-ओवळ्यातून कचेरीत आला. पैसे खाण्याला मराठीत 'लाच' हा जुना, नेमका शब्द होताच. सरकारी खात्याच्या पाटीवर 'लाचलुचपत प्रतिबंधक विभाग' असेच आहे. लाच म्हटले की देणारा, घेणारा आणि रक्कम विचारता येते. 'भ्रष्टाचार' म्हटले की एक वातावरण उभे राहते आणि त्यात कोणीच नेमका सापडत नाही.

दुसरा प्रसंग घरांचा. जागतिक बँकेच्या कर्जातून १९८५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने चारकोपला लहान भूखंड आखले. रस्ते, पाणी, गटारे सरकारची; घर ज्याचे त्याने ऐपतीप्रमाणे बांधायचे. काही भूखंड बाजारभावाने विकून गरिबांच्या भूखंडांचा भार हलका करायचा होता. पुढे अनेकांनी माळे चढवले, काहींनी घरे विकली, आणि योजना वाटेवरून घसरली असे बोलले जाऊ लागले. पण मुंबई व चेन्नईतल्या अशा वसाहतींचा वीस वर्षांनंतर केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्याला अपयश मानले ते यश निघाले, असाच त्याचा सूर होता: नीट आखलेल्या, वेगवेगळ्या उत्पन्नाच्या लोकांनी भरलेल्या वस्त्या उभ्या राहिल्या होत्या. वस्ती एकच, मोजपट्टी बदलली आणि निकाल फिरला.

यावर आक्षेप येईल की शब्दाचा अर्थ वापरातून ठरतो, धातूतून नव्हे. मान्य. पण वापर बदलूनही पायरी गृहीत धरण्याची खोड गेलेली नाही. पूर्वी ती पंक्तीने आखली, नंतर योजनेच्या कागदाने. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: गरिबासाठी राखलेली जागा दलालाच्या हाती गेली तर तिला घसरण म्हणायचे नाही काय? जरूर म्हणावे, पण नेमक्या नावाने: बेकायदा हस्तांतर, लाच, फसवणूक. या शब्दांना पुरावा लागतो, म्हणून ते कामाचे आहेत. वाढत्या कुटुंबासाठी चढवलेला माळा आणि दलालाने लाटलेला भूखंड या दोहोंना 'भ्रष्ट' हे एकच माप लावले, तर सुटतो तो दलाल.