तळटीप : 'पंख हलवणारा काका'

पंख हलवणारा काका : गेल हॅल्व्हर्सन (१९२०–२०२२), अमेरिकी हवाई दलाचे वैमानिक. जून १९४८मध्ये सोव्हिएत संघाने पश्चिम बर्लिनचे रस्ते, रेल्वे आणि कालवे अडवले. मग २० लाखांवर लोकांचे पीठ नि कोळसासुद्धा विमानाने येऊ लागला. टेम्पलहोफ विमानतळाच्या कुंपणाशी जमलेल्या मुलांनी काहीच मागितले नाही, हे हॅल्व्हर्सन यांच्या मनाला लागले. खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या होत्या. त्या त्यांनी मोडून दिल्या. ज्यांना तुकडा मिळाला नाही, ती मुले वेष्टणाचा कागद हुंगत राहिली. पंख हलवीन, तेव्हा ओळखा, असे सांगून ते गेले आणि रुमालांच्या छत्र्यांना चॉकलेटे बांधून त्यांनी शब्द पाळला. परवानगी घेतली नव्हती. वरिष्ठांनी मात्र ते पुढे चालू ठेवले, २० टनांहून अधिक खाऊ पडला. तीनच वर्षांपूर्वी याच आकाशातून बॉम्ब पडत होते.

लेखकाला हे गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडात आठवणे स्वाभाविक आहे. पर्लकोटा नदीला पूर आला की गावाचा संपर्क तुटतो. निवडणुकीत गडचिरोलीच्या दुर्गम केंद्रांकडे मतदान पथके हेलिकॉप्टरने जातात, आणि घरघर ऐकताच मुले मोकळ्या मैदानाकडे धावतात.